दूधमुशी

माझं माहेर घाटाखालचं, महाडच्या अंगाला. सासर हिर्डोशी. मुशी म्हंजी टीव्हीवर शार्क दावत्यात त्यातलीच बारकी जात, आन् मुशीतलं मला कळतं ह्याचा लई ताठा व्हता. मुशीच्या दोन्ही जाती एकच, असं कुनी म्हनलं की मी डाफरायची. अवो, सख्ख्या बहिनी असल्या म्हनून काय झालं? एकीचं तोंड खुरप्यागत चपटं. दुसरीचं निमुळतं, आन् ओठाच्या कोपऱ्याला लांब घडी. ती घडीवाली, ती दूधमुशी. बाळंतिनीला तीच द्यायची, आमच्या आईनं शिकवलेलं.

सून वैष्णवी बाळंत झाली, दोन दिवस झाले तरी दूध उतरंना. आरोग्य केंद्राच्या आशाताई दारात येऊन म्हनल्या, "रतनबाई, पोराला वरचं दूध सुरू करा, न्हाईतर दवाखान्यात न्या."

"तुमी गप बसा," म्या म्हनलं. "भोरच्या बाजारातनं मुशी आनलीया म्या."

लसून-मिरी घालून कालवन केलं. पोरीनं दोन दिवस निमूट खाल्लं. काई न्हाई. मग उरलेली सुकी मुशी उजेडात धरून बघितली. तोंड चपटं, घडी नावाला न्हाई. बाजारात घाईत मीच चुकले व्हते, आन् शिव्या घातल्या मासळीवालीला.

वैष्णवी रडकुंडीला आली. "आत्या, तवर पावडरचं दूध तरी देऊ?"

"एका दिवसानं काय व्हतंय? वरच्याची चटक लागली तर अंगावर पिनार न्हाई."

सकाळच्या एसटीनं भोर गाठलं. सुक्या मासळीची दुकानं पालथी घातली. एकेका मुशीच्या ओठाला बोट लावून बघितलं. मिळाली, खरी दूधमुशी! येताना एसटीत मी खुशीत व्हते, शेजारनीला दाखवली बी.

घरी आले तर अंगनात मानसं. कुंडलिक, माझा ल्योक, भिंतीला टेकून बसलेला. दवाखान्याची वाट अर्धी बी सरली न्हवती तवर पोर गेलं, म्हनला.

मला रडू आलं न्हाई. अजून येत न्हाई. चूल पेटवली आन् मुशी शिजवली, दुसरं काय करावं ते सुचंना. वैष्णवीनं खाल्ली, काय हाय ते इचारलं बी न्हाई. मला कुनी एका शब्दानं बोललं न्हाई. बोलले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी ती चुलीपाशी येऊन उभी राहिली. पोलकं छातीवर ओलंगच्च.

"आत्या," ती म्हनली, "हे कुठं टाकू?"

म्या हातातली वाटी रिकामी केली आन् तिच्यापुढं धरली.