दहावरून धरलेलं माप

न्हाणीघराचं दार अडुसष्ट.

पांढऱ्या छत्र्या चार.

खुर्ची विमानात सामानाबरोबर जाईल, माणूस वेगळा.

अंगणात लिंबाचं झाड. शेजारचं मांजर येतं, त्याला हाकलू नये ही विनंती.

टोक नाही.

यातलं शेवटचं माझ्याविषयी आहे, मित्रांनो. मी एक जुना टेप आहे. गाण्यांचा नव्हे, मोजायचा. एका कारखान्यात शेकडो भावंडांबरोबर माझा जन्म झाला. त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते सुताराच्या कमरपट्ट्यापासून पुढचं.

दुसऱ्याच वर्षी एका दारात सापडून माझं टोक तुटलं. तेव्हापासून सुतार मला दहाच्या रेघेवर धरतो आणि आलेल्या मापातून दहा वजा करायचे असतात. नवा टेप त्याने घेतला नाही. "नव्याचं खोटं शोधावं लागतं. याचं मला पाठ आहे," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. मला ती शाबासकी वाटायची.

मापं वहीत उतरवायची त्याची बायको. तो लाकडाच्या ढिगाऱ्यामागून ओरडायचा, "एकशे तीस." ती न विचारता एकशे वीस लिहायची. तीस वर्षं असं चाललं. एकही फळी वाया गेली नाही.

मग तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि कमरेखालचं कळणं गेलं. चाकांची खुर्ची आली. घरातली दारं सुताराने स्वतः केलेली, ऐसपैस. त्यामुळे खुर्ची मोजायची वेळ कधी आली नाही. मी स्वयंपाकघराच्या खणात पडून राहिलो, दोऱ्याच्या रिळांशेजारी.

मुलाने भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर व्हिला शोधला. आठ दिवस, चौघं. टेबलावर फोटो उघडून तो म्हणाला, "आई, तू काठावर बसायचं. छत्रीखाली. आम्ही पाण्यातून हात करू."

"आणि मी काय करू?"

"तूपण हात कर."

सूनबाईंनी त्याला टेबलाखालून लाथ मारली. आई म्हणाली, "करीन की."

सुताराला एकच काळजी. "न्हाणीघराचं दार केवढं? सगळे मेले ऐसपैस म्हणतात. ऐसपैस म्हणजे किती, ते लिही म्हणावं." व्हिलाच्या मालकाने लिहिलं, अडुसष्ट सेंटीमीटर. सुतार कामावर निघताना मुलाला म्हणाला, "मी येईपर्यंत खुर्ची मापून ठेव. टेप दहावरून धर."

मुलगा कचेरीत कागद हाताळणारा माणूस. त्याने मला सांगितल्याप्रमाणे दहावर धरलं. दुसऱ्या टोकाला मी त्र्याहत्तर दाखवले. मला तेवढंच येतं. वजाबाकी माणसांनी करायची असते.

संध्याकाळी सुतार आला.

"दहावरून धरलंस ना?"

"हो बाबा, दहावरूनच. त्र्याहत्तर."

बापाला वाटलं, लेकाने वजा केले. लेकाला वाटलं, बाप करेल. आई खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला. मग पुढची शेंग घेतली.

सुतार खुर्चीकडे बघत राहिला. "दिसायला लहान दिसते गं."

"मी बसलेय ना, म्हणून."

"पाच सेंटीमीटरनं अडतंय. चौकट काढू का विचारू? निघताना परत बसवीन."

"बाबा, भाड्याच्या घराची चौकट?"

"लोकांच्या भिंती फोडत फिरू नका," ती म्हणाली. "तुम्ही तिघं जा."

"तुझ्याशिवाय कसं जायचं?"

"विमानानं."

कोणी हसलं नाही. सूनबाईंनी फोटो बंद केले.

खरं माप त्रेसष्ट होतं, मित्रांनो. खुर्ची त्या दारातून सरळ गेली असती. हे घरात दोघांना माहीत होतं. एक मी. बेटावर कोणीच गेलं नाही. त्या आठवड्यात सुताराने एक कपाट केलं, तीन खणांचं. मी पुन्हा रिळांशेजारी आहे. दमट हवेत माझी पट्टी आता साठच्या पुढे अडकते. मला त्याचं फारसं काही वाटत नाही.

तुमच्या घरी असा जुना टेप असेल तर त्याला ओला गुंडाळू नका. वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. आणि कुणाला कुठे न्यायचं ठरवाल, तर दार मोजण्याआधी त्या माणसाला विचारा, यायचंय का. आमच्याकडे विमान, छत्र्या, दार, सगळ्यांची चौकशी झाली. एवढं एक राहिलं.

सुताराला पोहायला तिने शिकवलं होतं.