नातीच्या पाळण्याचा हिरवा रंग

मित्रांनो, मी एक जुनी खरवडणी आहे. दारांचा, खिडक्यांचा जुना रंग काढणारी. पातं झिजलंय, मूठ दोनदा बदललीय, पण बोलायला मी अजून भारी आहे, तेव्हा जरा ऐकून घ्या.

एका लोहाराने मोडक्या करवतीच्या पात्यातून मला घडवलं आणि रंगारीबाबांनी पहिल्याच दिवशी उचललं. वीस वर्षं आम्ही दोघं लोकांच्या घरी राबलो. बाबांची एक खोड होती. आधी पोरांना घराबाहेर पाठवायचं, जमिनीवर प्लास्टिक अंथरायचं, तोंडाला जाड मास्क लावायचा आणि जुना रंग पाण्याने भिजवूनच मला हातात घ्यायचं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ पोटात गेली तर विषच, असं ते घरोघरी बजावायचे. "रंगारी आहात की डॉक्टर?" असं एका मावशींनी वैतागून विचारलंही होतं. मला मात्र त्यांचा कोण अभिमान वाटायचा!

मग त्यांची लेक नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन माहेरी राहायला आली. बाबांनी माळ्यावरून लेकीचाच जुना लाकडी पाळणा खाली काढला. हिरव्या रंगाचे पोपडे सुटले होते. भिजवलं तर लाकूड फुगेल, आणि नातीचा पाळणा कसा अगदी गुळगुळीत हवा, म्हणून त्यांनी मला कोरडीच चालवली. वर पॉलिशपेपर घासला, तोही राहत्या खोलीत. आजींनी, म्हणजे बाबांच्या बायकोनं, हटकलं, तर हसून म्हणाले, "अगं, घरचंच तर काम आहे."

मी काय करणार हो? हात नेईल तिकडे जायचं, एवढंच माझ्या नशिबी. हिरवी धूळ खोलीभर बसली. आजींनी झाडू मारला, तशी ती आणखी उडाली. त्याच फरशीवर नात दिवसभर रांगायची आणि बोटं चोखायची.

काही महिन्यांत तिचं खाणं कमी झालं. सारखी किरकिर करायची, पोट धरून रडायची. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर त्यात शिसं निघालं. घरात कुणी रंग खरवडला होता का, असं त्यांनी विचारलं. बाबांची मान खाली गेली.

"मीच," ते म्हणाले.

आज ती पाच वर्षांची आहे. औषधपाण्याने सावरली, पण शब्द अजून अडखळतात. "आजोबा" म्हणायला तिला तीनदा तोंड उघडावं लागतं आणि बाबा तेवढा वेळ श्वास रोखून बसतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

मित्रांनो, घरात कुणी जुना रंग कोरडा खरवडायला बसलं, तर त्यांना थांबवा. रागावतील, तरी बोला. आमची नात तेव्हा नऊ महिन्यांची होती, तिला बोलता येत नव्हतं.