यादीतून न निघालेला बेन

इंग्लंडातल्या लीड्सच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेला एरवी चाळीस माणसं आली तरी सेक्रेटरी श्रीकांतराव खूश असत. त्या रविवारी दुपारी मात्र शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये खुर्च्या संपल्या आणि लोक व्यायामाच्या बाकांवर दाटीवाटीनं बसले. कुणी ब्रॅडफर्डहून आलं होतं, कुणी मँचेस्टरहून. वेम्बलीचे प्रचारक ब्रदर समर येणार होते आणि ब्रदर समरांना म्हणे न सांगता माणसाचा आजार कळतो.

ब्रदर पांढऱ्याशुभ्र सुटात आले. समोर स्टँडवर बायबलमधली वचनं वाचायला टॅब्लेट. डोळे किलकिले करून त्यांनी हात वर केला.

"मला एक बहीण दिसतेय. तिला दुखतंय. फार दुखतंय."

दीडशे माणसांत एकाही बहिणीचं काही दुखत नसतं, तर तोच खरा चमत्कार झाला असता. पण ब्रदर तेवढ्यावर थांबले नाहीत.

"सुचेता नाव आहे. पाठीचा मणका."

सुचेता हमसून रडायला लागली. हॉलभर आमेन झालं. मग ब्रदरांना प्रणय दिसला आणि प्रणयच्या व्हिसाची होम ऑफिसात अडकलेली फाइलही दिसली. "प्रभू स्वतः त्या टेबलापाशी उभा आहे," ते म्हणाले. तिसऱ्या रांगेतल्या सुलक्षणाचेही डोळे भरून आले. ती हॉस्पिटलात मधुमेहाच्या विभागात नर्स होती, सहजासहजी भुलणारी नव्हती. पण आपल्या भाषेत कुणी आपलं दुखणं ओळखतंय, याची भूक परदेशात मोठी असते.

"मिल्का. रक्तातली साखर. मुली, प्रभूनं आज ती पुसून टाकली. त्या सुया इथे आणून ठेव. जवळ ठेवशील तर तुझा विश्वास अर्धाच."

मिल्का मावशी उठली. सुलक्षणाच्या आईची ही जिवाभावाची मैत्रीण. तिला टाइप वन मधुमेह होता आणि तीस वर्षं ती इन्सुलिनवर जगत होती. तिनं पर्समधली इन्सुलिनची पाउच काढली आणि ब्रदरांच्या टेबलावर ठेवली. या बाईनं आज इन्सुलिन थांबवलं तर मंगळवारी ती इमर्जन्सीत असेल, हे सुलक्षणाला हॉलमधल्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"आता बंधू योना. त्यांचा भाऊ बेन, पुण्यात हॉस्पिटलच्या खाटेवर. आज, या घटकेला, बेन उठून बसलाय."

पुन्हा आमेन. योना काकाही आमेन म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला. आणि सुलक्षणाचे डोळे खाडकन उघडले.

बेन चार महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीतच वारला होता. योना काकांनी चहाच्या टेबलापाशी हळूच तिला सांगितलं होतं, कारण मंडळीची प्रार्थनेची यादी दर आठवड्याला तीच टाइप करायची. मंडळीचा रिवाज असा, की ज्याच्यासाठी प्रार्थना चालते त्यानं उभं राहून साक्ष दिली, बरा झालो म्हणून सांगितलं, की मगच नाव यादीतून निघतं. मेलेला माणूस साक्ष कुठून देणार? बेनचं नाव तसंच राहिलं आणि काढायचं तीही विसरली.

तिनं मोबाइलवर यादी उघडली. एक, सुचेता, मणका. दोन, प्रणय, व्हिसा. तीन, मिल्का, साखर. चार, बेन, हॉस्पिटल. ब्रदरांचा आत्मा तिच्या टायपिंगच्या क्रमानं चालला होता, तिच्या चुकीसकट.

गप्प बसणं सोपं होतं. याच माणसांनी तिच्या आईच्या शवपेटीला खांदा दिला होता. पण त्याच आईनं तिला लहानपणी शिकवलं होतं, की मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं सैतान म्हणाला तेव्हा येशूनं उडी टाकली नव्हती. मग मावशीला उडी टाकायला सांगणारा हा कोण? त्याच येशूच्या नावानं या लबाडीला आमेन म्हणणं सुलक्षणाला जमेना. ती उभी राहिली.

"ब्रदर, पुढचं नाव कल्याणी आहे. थायरॉइड. त्यानंतर वरदची परीक्षा. यादी मी टाइप केली आहे."

"या बहिणीच्या तोंडून कोण बोलतंय, ते ओळखा," ब्रदर हळूच म्हणाले.

"सुलक्षणा, खाली बस," श्रीकांतराव कळवळून म्हणाले. "यादी मीच पाठवली होती त्यांना. आधीपासून प्रार्थना करता यावी म्हणून." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं आणि तेच खाली बसले.

"योना काका, बेन काका कधी गेले?"

योना काका तळहातांकडे बघत म्हणाले, "फेब्रुवारीत. मी फोनवरच माती पाहिली."

"मग तुम्ही आमेन का म्हणालात?"

"सगळे म्हणत होते, बाळा."

"मी स्वर्गातल्या बेनबद्दलच बोलत होतो," ब्रदर म्हणाले.

"स्वर्गात हॉस्पिटलची खाट कशाला लागते?"

कुणी हसलं नाही. "उपासनेत असं बोलतात का," एवढंच मागून ऐकू आलं. दहा-बारा जण उठून गेले. बाकीचे बसून राहिले आणि त्यांचा राग ब्रदरांवर नव्हता, तिच्यावर होता.

सुलक्षणानं टेबलावरची पाउच उचलून मिल्का मावशीच्या मांडीवर ठेवली.

"तीस वर्षांत पहिल्यांदा मी बरी झाले होते गं," मावशी म्हणाली. "दहा मिनिटंसुद्धा राहू दिलं नाहीस." तिनं पाउच पर्समध्ये टाकली आणि तोंड फिरवलं. सोमवारी सुलक्षणानं फोन केला, तेव्हा "घेतलं इन्सुलिन" एवढं बोलून मावशीनं फोन ठेवला. सुलक्षणा कितीतरी वेळ स्वयंपाकघरात रडत बसली.

बुधवारी मंडळीच्या ग्रुपवर प्रार्थनेची नवी यादी आली. टाइप दुसऱ्याच कुणी केली होती. चौथं नाव होतं बेन, हॉस्पिटल. आणि सर्वांत शेवटी: सुलक्षणा, अविश्वासाच्या आत्म्यापासून सुटका.

रिवाजाप्रमाणे आता ती साक्ष देईल, तेव्हाच तिचं नाव निघेल. तर तिची साक्ष अशी: देवावर विश्वास ठेवायचा तर जरूर ठेवा, पण औषध टाकून दे म्हणणाऱ्याला आधी विचारा, की माझा आजार तुला कुणी सांगितला. आणि सगळे आमेन म्हणत असतील तेव्हा, आपला बेन मेलाय हे आपल्याला माहीत असेल, तर तसं मोठ्यानं सांगा.