अठरा आणि एकोणतीस

त्या गुरुवारी महिपतरावाच्या आधी मी गाडीपाशी पोचले, तिथून हे सगळं सुरू झालं.

एरवी असं होत नाही. ग्वाल्हेरच्या दाना ओलीतली आमची गल्ली एवढी अरुंद की समोरासमोर दोन सायकली आल्या तर एकाला पाय टेकावा लागतो. म्हणून गाडी गल्लीच्या तोंडाशी, कृष्णरावांच्या लाकडाच्या वखारीच्या आवारात उभी असते. वखार उघडते दहाला, पण फाटकाची एक किल्ली आमच्याकडे आणि एक महिपतरावाकडे. तो नऊला येतो, गाडी सुरू करतो, आत गार करतो, रेडिओवर माझी भजनं लावतो आणि मग हाक मारायला येतो, "आईसाहेब, चला." चौदा वर्षं हेच. गाड्या तीन झाल्या, ड्रायव्हर एकच.

त्या दिवशी दाढेत कळ होती आणि डॉक्टरकडे नंबर लावायचा होता, म्हणून मीच वखारीत जाऊन उभी राहिले. महिपतराव आला, मी मागे बसले, त्याने गाडी सुरू केली. आणि रेडिओतून अशी खरखर सुटली की तापल्या तेलात पाणी पडावं. गाणं नाही, बातम्या नाहीत, नुसती खरखर, आणि आवाज एवढा की छपरावरची कबुतरं उडाली. समोरच्या स्क्रीनवर दोन आकडे. डावीकडे एकोणतीस, उजवीकडे अठरा. माझ्या बाजूच्या हवेच्या जाळ्या घट्ट बंद.

महिपतरावाचा हात चटकन पुढे गेला. रेडिओ बंद केला, दोन्ही आकडे पंचवीसवर आणले, मागे वळून जाळ्या उघडल्या.

"काय रे हे?"

"काही नाही, आईसाहेब. आठ-दहा दिवस रोजच असं होतंय. सिस्टीम बिघडली असेल."

"रोज होतंय आणि मला आज कळतंय?"

"तुम्ही यायच्या आधी मी ठीक करून ठेवतो ना."

दाढ ठणकत होती म्हणून गप्प बसले. पण जो माणूस रोज काहीतरी ठीक करून ठेवतो आणि सांगत नाही, त्याच्याकडे मी नीट बघायला लागते.

गाडी नवी होती तेव्हा हे सगळं महिपतरावानेच मला शिकवलं होतं. हे बटण दाबलं की दोन्ही बाजूंची हवा एक, सोडलं की ड्रायव्हरची वेगळी आणि शेजारच्याची वेगळी. गाडी बंद केली तरी ती विसरत नाही. शेवटचा माणूस जे लावून उतरला, तेच पुन्हा लागतं. इंग्रजी अक्षरं मला लागत नाहीत, पण आकडे लागतात, आणि आकड्यावरून माणूस ओळखता येतो. बुधवारी संध्याकाळी आम्ही उतरलो तेव्हा पंचवीस होतं. म्हणजे त्यानंतर गाडीत दोघं बसली. स्टेअरिंगवर कोणीतरी घामाघूम झालेलं, आणि शेजारी असं कोणी, ज्याला ग्वाल्हेरच्या मे महिन्यात एकोणतीस लागतं. मागे कोणीच नाही, म्हणून जाळ्या बंद.

घरातलं कोणी असणं शक्यच नव्हतं. संग्राम, माझा मुलगा, फौजेत, तिकडे आसामात. आमच्या ह्यांनी गुडघे बदलल्यापासून स्टेअरिंग सोडलेलं. राहिली सून, उन्नती. ती बँकेत जाते, पण गाडीत बसते ती मागे, माझ्याजवळ. पुढे सासऱ्याच्या शेजारी सून बसली, हे आमच्याकडे गाड्या नव्हत्या, टांगे होते, तेव्हाही झालं नाही. दिवाळीत तिने विचारलं होतं, "आईसाहेब, मी गाडी शिकू?" मी म्हटलं होतं, घरात ड्रायव्हर आहे तोवर सुनेने स्टेअरिंगला हात लावायचं कारण नाही. तो विषय तिथे संपला होता.

मग राहतो तो, ज्याच्या खिशात चावी असते.

शुक्रवारी फूलबागेतून परत आल्यावर मी पुढे वाकून माझ्या हाताने दोन्हीकडे पंचवीस लावलं. रेडिओ भजनांवर, आवाज बारावर. महिपतराव बघत होता.

"आईसाहेब, काहीही लावा. सकाळी परत तसंच असणार."

"तुला बरं आधीच माहीत!"

शनिवारी नऊच्या आधी जाऊन उभी राहिले. एकोणतीस, अठरा, खरखर. रविवारीही तेच.

जेवताना ह्यांना म्हटलं, "अहो, गाडी रात्री कुठेतरी जाते."

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "यंत्र आहे. यंत्राचंही डोकं फिरतं."

"आणि रोज एकाच ठिकाणी येऊन थांबतं?"

उन्नती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "आईसाहेब, जाने दीजिए ना. महिपतराव असं नाही करणार."

दोघांनाही त्या माणसाचा मोठा पुळका. मी मनात ठरवून टाकलं.

सोमवारी वखार उघडायची वाट पाहिली. जे बोलायचं ते चार माणसांत, म्हणजे नंतर कोणी फिरवू शकत नाही. कृष्णराव गादीवर बसले होते, पापडवाली टोपली टेकवून पाणी पीत होती, हे काठी टेकत आले होते, मागे उन्नती बँकेत जायच्या तयारीत.

"महिपतराव, रात्री गाडी कुणाला देतोस?"

"कुणाला म्हणजे?"

"वरातीला देतोस, की पुढे कोणी बसवून हिंडतोस? खरं सांग. चोरी करायची ती करायची, आणि वर सिस्टीमला दोष?"

त्याचा चेहरा उतरला. "आईसाहेब, चौदा वर्षं झाली."

"चौदा वर्षांत किती वेळा, तेच विचारतेय."

तो ह्यांच्याकडे वळला. "साहेब, तुम्ही तरी बोला."

हे काठीच्या टोकाकडे बघत राहिले. उन्नतीने तोंड उघडलं आणि मिटलं. महिपतरावाने खिशातून गाडीची चावी आणि फाटकाची किल्ली काढली, रुमालाने पुसून माझ्या हातावर ठेवल्या.

"माझ्या सोनलची सोयरीक ठरतेय, आईसाहेब. हा शब्द आमच्या बिर्ला नगरात पोचायला संध्याकाळ लागायची नाही."

मुख्य रस्त्याकडे तो चालत गेला. मागे वळून पाहिलं नाही.

त्या रात्री मी चावी उशाखाली घेतली आणि छान झोपले. खोटं का सांगू.

मंगळवारी पूजा उरकून गाडीतली छत्री आणायला गेले. आता सगळं जागच्या जागी असणार, हे डोळ्यांनी बघायची हौसही होतीच. पुढच्या सीटवर बसून महिपतराव दाबायचा ते बटण दाबलं.

खरखर.

एकोणतीस. अठरा.

मी बटण पुन्हा दाबून बंद केलं आणि तशीच बसून राहिले. काचा बंद, आत भट्टी, तरी उतरले नाही. चावी रात्रभर माझ्या डोक्याखाली होती. दुसरी चावी माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली कमरेच्या जुडग्यात, आणि जुडगा माझ्यापासून हलत नाही. फक्त एक वेळ सोडून. सहा ते साडेसात माझी पूजा, तेव्हा मौन असतं, आणि जुडगा बाहेर खुंटीवर. त्या दीड तासात घर पडलं तरी मी उठत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

हे साडेसहाला फिरायला निघतात. उन्नती साडेसहाला योगाला जाते. मला आजवर ते दोन वेगळे साडेसहा वाटत होते.

त्या दिवशी मी कोणाला काही विचारलं नाही. नुसती बघत राहिले. जेवताना ह्यांनी उन्नतीला मिठाचं भांडं दिलं, तेही मला कटातलंच वाटलं. वकिलाकडे जातात? घर विकायचंय? की ह्यांना काही आजार निघालाय आणि मलाच सांगत नाहीत? रात्रभर एकेक वाईट विचार उलटून पाहिला.

बुधवारी देवापुढे दिवा लावला, घंटा वाजवली, जुडगा खुंटीवर टांगला आणि देवाला म्हटलं, आज माफ कर. मागच्या दाराने निघाले. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, पूजा अर्धी सोडली ती पहिल्यांदा. महिपतरावाच्या किल्लीने फाटक उघडून आतून पुन्हा लावलं, त्याच्या चावीने गाडी उघडली, मागच्या सीटवर कोपऱ्यात शाल पांघरून बसले.

पावलं आली. आधी काठीचा आवाज.

"उघडी कशी गाडी?" हे म्हणाले.

"काल आपणच विसरलो असू, बाबासाहेब."

हे डावीकडे बसले. आणि उजवीकडे, स्टेअरिंगवर, माझी सून.

गाडी सुरू झाली, खरखर सुरू झाली.

"अजून मोठी कर."

"बाबासाहेब, सिर फटता है माझं!"

"फौजेत तीनशे पोरांना असंच शिकवलं मी. कानात हे असताना हात सरळ राहिला, तर बाजारात कोणी कितीही हॉर्न मारो. आणि ती गार हवा माझ्याकडे नको, गुडघे धरतात."

"तुमच्याकडे एकोणतीसच आहे. मला पण बघा ना, पसीना सुटलाय."

"तो भीतीचा. हां, आता मागे घे. आधी आरसा बघ."

तिने आरसा बघितला.

किंकाळी काय ती! खरखरीच्याही वर गेली.

"मागच्या जाळ्या उघडा," मी म्हटलं. "गुदमरतेय मी."

ह्यांनी रेडिओ बंद केला. मान वळवली नाही. समोरच्या काचेला म्हणाले, "तू शिकू दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

उन्नती रडायला लागली. "आईसाहेब, जूनपासून माझी ब्रांच शहराबाहेर, लांब डबऱ्याला आहे. महिपतराव तुम्हाला नेणार की मला? मी सांगणारच होते, बस एकदा नीट यायला लागली असती तर..."

"ते मी नंतर ऐकेन. सोमवारी तुम्ही दोघं इथेच उभे होता ना? माझ्या तोंडून तो शब्द गेला तेव्हा?"

उन्नतीने हातानेच डोळे पुसले.

"मला काही माहीत नव्हतं, म्हणून मी बोलले. तुम्हाला सगळं माहीत होतं. एक फौजी माणूस, एक बँकेतली अफसर, आणि दोघांची तोंडं शिवलेली!"

"आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं," हे म्हणाले.

"त्याच्या पोरीची सोयरीक मोडेपर्यंत? चालव, उन्नती. बिर्ला नगर."

"मी मेन रोडवर कधी गेलीच नाही!"

"आज जा."

गेली. गाडी दोनदा बंद पडली, एका टेम्पोवाल्याने शिवी दिली, पण गेली. हे हळूच सांगत होते, "गिअर. आता ब्रेक. शाब्बास." मी जीव मुठीत धरून तिचे हात बघत होते. हात सरळ होते.

महिपतराव दारात बनियनवर उभा, बादलीत नळी सोडलेली. गाडी बघितली, मग स्टेअरिंगवर कोण आहे ते बघितलं, मग शेजारी ह्यांना. पाणी बादलीबाहेर वाहायला लागलं तरी तो हलला नाही.

"अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे अठरा वहिनीसाहेब, आणि एकोणतीस साहेब."

मी उतरले. "माझी चूक झाली, महिपतराव."

त्याने नळ बंद केला. आतून सोनल डोकावली आणि मागे झाली. तो हळू आवाजात म्हणाला, "आईसाहेब, चोर म्हणालात वखारीत, चार माणसांत. चूक झाली म्हणता माझ्या घरी, जिथे मला कोणी चोर म्हणतच नाही. हे इथे ऐकून मी काय करू?"

माझ्याशी असं कोणी बोललेलं नाही. पण तो म्हणाला त्यात एक शब्द जास्त नव्हता.

"सदरा घाल," मी म्हटलं, "आणि चल."

हे उतरून मागे माझ्या शेजारी आले आणि महिपतराव पुढे बसला. वाटेत उन्नतीला तो एवढंच म्हणाला, "वहिनीसाहेब, क्लच अर्धा दाबून ठेवू नका, जळतो."

वखार उघडेपर्यंत आम्ही चौघं गाडीतच बसून राहिलो. कृष्णराव आले, मजूर आले, पापडवाली आली. मी बाहेर आले आणि सोमवारी जेवढ्या आवाजात बोलले होते तेवढ्याच आवाजात म्हटलं, "कृष्णराव, ऐका. महिपतरावांना मी चोर म्हणाले, ते खोटं होतं. गाडी माझ्या घरच्यांनी नेली होती. माझी सून गाडी शिकतेय. अहो, आता तुम्ही."

ह्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला माहीत होतं," हे म्हणाले, "आणि मी गप्प बसलो." पलटणीत वाढलेल्या माणसाला एवढं बोलताना घाम फुटला.

मी चावी पुढे केली. महिपतरावाने घेतली नाही.

"ऐकलं, आईसाहेब. कृष्णरावांनीही ऐकलं. माझं काम झालं."

"मग उद्यापासून या."

"नाही येणार."

"का? आणखी काय म्हणायला हवं मी?"

"काही नाही. तुम्ही चोख बोललात." त्याने गाडीकडे बोट केलं. "पण रोज गाडी सुरू झाली की तुमची नजर आधी त्या आकड्यांवर जाईल. आणि माझी आरशातून तुमच्यावर."

नाही जाणार, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तो वाट बघत होता. कृष्णरावही बघत होते.

मला म्हणता आलं नाही. गेली असती.

चावी मी उन्नतीच्या हातात दिली आणि म्हटलं, "महिपतरावांना घरापर्यंत सोडून ये."