सालोमीआजीच्या तोंडातली मी

मी कवळी आहे. वरच्या दातांची. दचकू नका, या गोष्टीत दचकण्याचं काम माझ्याकडे आहे. जन्मापासून मला कुणी हळू आवाजात हाक मारलेली नाही. भांडं पडलं तरी माझे सगळे दात एकदम वाजतात.

माझा जन्म गिरगावातला. एका दाताच्या डॉक्टरने मेणाच्या साच्यावरून मला घडवलं, घासूनपुसून गुळगुळीत केलं आणि कापसात गुंडाळून एका माणसाच्या हातात दिलं. तो मार्सेल. मुंबईत छापखान्यात कामाला, घर वसईजवळ उमेळ्याला. त्याच्या मुलीचं, कार्मिनचं, लग्न ठरलं होतं आणि मी होते त्याच्या आईसाठी, सालोमीआजीसाठी. साल बावन्न असावं. मला वाटलं, म्हातारी मला पाहून हसेल. नवीन वस्तूला अशा आशा असतात.

आजीने मला बोटाच्या टोकाने उचललं, उजेडात धरलं आणि विचारलं, "कोना मेलेल्याचे दात आनलेस, मार्सेल्या?"

डॉक्टरने बनवलेत, असं त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. मला तोंडात घालण्याआधी तिने क्रुसाची खूण केली, माझ्यावर नाही, स्वतःवर. आत गेले तर तिच्या जिभेने मला असं ढकललं, जशी नको असलेल्या पाहुणीला लोक दारातूनच ढकलतात. मी हिरडी सोलायचे, ती शिव्या द्यायची. असा आमचा संसार सुरू झाला.

त्या घरात माझी आणखी एक वैरीण होती. लुसी, मार्सेलची बायको. तिचं म्हणणं मला आजही पटतं. आजीचे वरचे दात गेल्यापासून तिचे टोमणे नुसत्या वाऱ्यासारखे बाहेर पडत आणि लुसीला काही कळतच नसे. ती खुशाल 'हो आई' म्हणून पुढच्या कामाला लागे. घरात पहिल्यांदा शांतता आली होती. आणि नवऱ्याने काय केलं, तर गाडीला बसून जाऊन सापाला दात आणून दिले. हे शब्द लुसीचेच. चुलीपुढे बसून ती ते लाकडांना ऐकवत असे.

पण आजीने मला सोसलं ते टोमण्यांसाठी नव्हे. टोमणे ती डोळ्यांनीही मारू शकत होती. तिला गायचं होतं. आळीत लग्न असलं की मांडवात बायकांच्या पुढे बसून गाणं उचलायचं ते सालोमीने, ही रीत होती. विहिणींना चिमटे काढणारी गाणी तिला जागच्या जागी सुचत. दात गेल्यावर मात्र दोन लग्नांत तिला मागे, लहान पोरांजवळ बसवलं होतं. आता नातीच्या लग्नातही मागेच बसायचं, या विचाराने ती जेवेनाशी झाली होती. लुसीने तर आपल्या बहिणीला, फिलोमिनाला, पुढे बसायचं सांगूनही ठेवलं होतं. त्यावरून सासू-सुनेची तीन वेळा जुंपली आणि तिन्ही वेळा मी मधे होते, अगदी शब्दशः. 'फ' म्हणताना मी सुटायचे. आजी परसात जाऊन केळींना गाणी म्हणून दाखवायची आणि मला जागेवर बसायला शिकवायची. शिकवायची म्हणजे अंगठ्याने दाबायची.

हळूहळू मी बसले.

लग्नाच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. आजी परसात शेजारच्या मेरीसमोर पेरू खात बसली, नवे दात कसे चालतात ते दाखवायला. पेरूची एक बी माझ्या खाली शिरली. ज्यांना माझ्यासारखी कवळी आहे त्यांना ही यातना ठाऊक असेल. आजीने मला काढलं, सालींच्या ताटात ठेवलं आणि मेरीला भुईगावच्या व्याह्यांची उणीदुणी सांगू लागली. बोलता बोलता उठली, ताट उचललं आणि नेहमीच्या सवयीने डुकरांच्या दगडी डोणीत ओतलं.

सालींसकट मी.

माझ्यावर एक मोठं, ओलं नाक आलं. त्याने मला हुंगलं, तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. त्या घरात मला नाकारणारा तो तिसरा.

इकडे आजीने शोधाशोध करण्याआधीच गुन्हेगार ठरवला. भरल्या मांडवात, लुसीच्या माहेरच्या माणसांसमोर ती ओरडत होती. कवळी नसल्यामुळे शब्द फुटत नव्हते, पण बोट लुसीकडे होतं आणि 'चोर' हा शब्द म्हणायला दात लागत नाहीत. लुसी पांढरी पडली. मार्सेल फुलं आणायचं निमित्त करून बाहेर सटकला.

संध्याकाळी डुकरांना खाणं घालायला लुसीच आली. डोणीतल्या पाण्यात मी तिच्या हाताला लागले आणि आम्ही दोघीही दचकलो. तिने मला धुतलं, ते प्रेमाने नव्हे, राखेने, कढई घासावी तसं. मग विहिरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला पोहता येत नाही. शेवटी तिने मला पदराच्या टोकात बांधून कनवटीला खोचलं आणि पुटपुटली, "चोर म्हनाल्या ना. मग चोरच."

दुसऱ्या दिवशी देवळातून लग्न लागून वरात मांडवात आली. जेवणं झाली आणि भुईगावच्या बायकांनी गाणं उचललं.

नवरीच्या आईनं जेवान केलं,
कोंबडं नुसतं पान्यातून नेलं.

मांडव हसला. उत्तर फिलोमिनाने द्यायचं होतं. तिने तोंड उघडलं, घाम पुसला, एक जुनंच गाणं अर्ध्यात सोडलं. समोरच्यांना जोर चढला. कोंबडं झालं, मग लुसीचं लुगडं झालं, मग तिचं गरीब माहेर. रीतीप्रमाणे हसून घ्यायचं असतं. लुसी हसत होती, पण तिचा हात कनवटीच्या गाठीवर होता. चार दिवस चुलीपुढे राबून तिने ते जेवण रांधलं होतं. कार्मिन मान खाली घालून बसली होती. या सासरी तिला उद्यापासून नांदायचं होतं.

लुसी उठली. पोरांच्या घोळक्यात बसलेल्या सासूपुढे गेली, गाठ सोडली आणि मला तिच्या तळहातावर ठेवलं.

आजीने मला तोंडात घातलं. मला राखेची चव होती, डुकराची होती, लुसीच्या घामाचीही होती. तिने तोंड वाकडं केलं नाही. उभी राहिली.

लुसीच्या हाताचं जेवान झालं,
विहिनीचं पान चाटून गेलं.
चाटून चाटून भोक पडलं,
आता म्हनते, काय नाय वाढलं.

मी जीव मुठीत धरून हिरडीला चिकटून राहिले. पुढच्या कडव्यात 'फ' आला, सुटले नाही. भुईगावच्या बायकांनी दोनदा उत्तर दिलं, तिसऱ्यांदा त्या स्वतःच हसत सुटल्या आणि आजीला पुढच्या पाटावर ओढून बसवलं. फिलोमिना आपण होऊन सरकली.

पाहुणे पांगल्यावर लुसी भांडी गोळा करत होती. आजी म्हणाली, "सकाळीच दिसलं मला, तुझ्या कनवटीला. मागनार नव्हते. तुझ्याकडं मागायचं, त्यापरीस बोळकं बरं."

"मग माझ्यासाठी गायलात कशाला?"

"तुझ्यासाठी कोन गातंय? माझ्या घरच्या बाईला बाहेरच्या कशा बोलतील? ते काम माझं हाय."

कार्मिन सासरी गेली आणि वैर पूर्ववत सुरू झालं. आता इतक्या वर्षांनी मी पिवळी पडले आहे. डाव्या बाजूचा एक दात पाव खाताना निखळला, मी दिवसभर खिडकीतल्या पेल्यात पडून असते. आजी अंथरुणाला खिळली आहे. माझं पुढे काय करायचं, यावर दोघींचा नवा वाद आहे. आजीला मी शवपेटीत, तिच्या तोंडात हवी. वर कुणी काही बोललं तर उत्तर द्यायला. लुसीचं मत असं की तिथे तरी देवाला शांती मिळू द्या. वाचकहो, मला अंधाराची भीती वाटते, पण त्या तोंडाशिवाय मी कुणाच्या कामाची? मला कुणी विचारलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते: मला तिच्यासोबतच जाऊ द्या.

काल आजीने मार्सेलला नाही, लुसीलाच जवळ बोलावलं. म्हणाली, "लुसे, आठवनीनं घाल हां. तो विसरंल."

लुसीने पेल्यातलं पाणी बदललं, मला पुन्हा आत सोडलं.

"घालीन," ती म्हणाली. "आधी मरा तरी."