भीमपलासाचा अर्धा अंतरा

मार्गशीर्षातली मंदमंथर दुपार. सावंतवाडीच्या मोती तलावावर केशराची साय धरावी तसं ऊन. माडांच्या झावळ्यांतून झिरपणारं, पोफळींच्या सावल्यांत रेंगाळणारं, सुवर्णधूसर ऊन.

त्या उन्हाकडे पाठ करून कुमुदिनी पेडणेकर बसली होती. जिच्या स्वरासाठी शहरंच्या शहरं वेडावत, ती कुमुदिनी. आणि तिच्यासमोर फिरत होती एक जुनी, कृष्णवर्णी, चरे पडलेली तबकडी. तबकडीत कृष्णाबाई गात होत्या. तिच्या गुरूंच्या गुरू; ती जन्मण्याआधीच निवर्तलेल्या.

भीमपलासाचा अंतरा चढत होता. चंदनगंधी, अश्रुधौत, आर्त. तार षड्जाला स्पर्शून स्वर वळला, आणि ऐन वळणावर तबकडी संपली. तिच्यात मावलं तेवढं उरलं. बाकीचं काळानं गिळलं.

तिनं पुन्हा सुई ठेवली. पुन्हा तेच वळण. पुन्हा तीच खरखर.

हेच वळण कुमुदिनीनं गळ्यात उतरवलं होतं आणि त्याच्यावरच तिची कीर्ती उभी होती. मैफलीत ती तिथवर यायची आणि तिथूनच समेवर परतायची. रसिक गहिवरून म्हणायचे, साक्षात कृष्णाबाई अवतरल्या. पूर्वी त्या शब्दांनी तिचे डोळे भरायचे. आता तेच शब्द सलत. गळा तिचा, श्वास तिचा, आणि दाद दुसरीला.

तानपुऱ्यावर तिची शिष्या रेवा होती. "पुढे काय गायल्या असतील गं?" कुमुदिनीनं विचारलं.

रेवा तारा छेडत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही काय गाल, ते मला ऐकायचंय."

कुमुदिनी चिडली. तबकडी थांबवून स्वतःच गाऊ लागली. वळणापर्यंत स्वर राजहंसाच्या डौलानं गेला. पुढे सरकला आणि फाटला. पुन्हा गायली, पुन्हा फाटला. संतापानं कपाळ धगधगलं, ओठ कोरडे पडले. पुढे वाट नव्हती, मागे कृष्णाबाई होत्या. रेवा पाणी देऊ लागली, तर तिनं हात झिडकारला.

मग एकदा स्वर फाटला, तरी ती थांबली नाही. त्या फाटलेल्या स्वरानिशीच कोमल गंधारावर उतरली. तो गंधार कृष्णाबाईंचा नव्हता. देखणाही नव्हता. नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखा होता तो: ओलेता, बावरलेला, थरथरत्या पायांवर उठू पाहणारा, कोसळणारा, आणि उठणारा, आणि कोसळणारा, आणि उठणारा.