शेजाऱ्यांना त्रास नको

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी तिसऱ्या मजल्यावरच्या संगीताच्या खोलीचं दार उघडलं आणि उकळत्या पातेल्यावरचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. आत पंचवीस-तीस मुलं-मुली वाद्यं घेऊन बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, पाठी ओल्याचिंब, आणि सगळ्या खिडक्या कडीकोयंडा लावून बंद.

"हे काय?" मी संगीताच्या शिक्षिकेला विचारलं.

निशिवाकी सेन्सेई नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली, आवाज चढवायचा म्हटलं तरी जिची मान खाली जाते अशी मुलगी. ती म्हणाली, "एसी बिघडलाय. दुरुस्तीवाला ओबोनच्या सुट्ट्यांनंतर येणार." ओबोन म्हणजे जपानातला पितरांचा सण, ऑगस्टच्या मध्यावर येतो.

"मग खिडक्या उघड."

"चालत नाही. शेजाऱ्यांची तक्रार आहे."

मी सरळ जाऊन दोन खिडक्या उघडल्या. वारा नव्हताच, पण निदान हवा होती. पोरींनी माना वर केल्या. मी खाली शिक्षकखोलीत येऊन टेबलाशी बसते न बसते तोच ओगुरा सेन्सेई माझ्यामागे येऊन उभे राहिले. हे आमचे उपमुख्याध्यापक. सगळ्यांशी अतिशय गोड बोलतात, आणि त्या गोड बोलण्यातून वाट काढणं कुणाला जमत नाही.

"रोवेना सेन्सेई, सुट्टीत तुम्हाला कंटाळा येतो, समजू शकतो मी," ते म्हणाले. "पण वाद्यवृंद हा निशिवाकी सेन्सेईंचा विषय आहे. तुमचा इंग्रजी."

"वर मुलं भाजून निघताहेत."

"स्पर्धा तोंडावर आहे. सोसायला शिकतील. शेजाऱ्यांना त्रास नको."

ते गेले आणि थोड्याच वेळात वरून येणारा वाद्यांचा आवाज एकदम दबला. खिडक्या पुन्हा लागल्या होत्या.

मी मूळची फिलिपाइन्सची. लग्न करून या गावात आले. लग्न टिकलं नाही, मी टिकले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला शिकवायला वर्ग नसतो, पण शाळेत येऊन बसावं लागतं, तसा नियमच आहे. मग मी जुन्या चित्रांच्या पाट्या रंगवते, पुढच्या सत्राचे खेळ तयार करते, शिक्षकखोलीतल्या झाडांना पाणी घालते. "तुम्ही काही करू नका, बसा हो," असं सगळे प्रेमाने सांगतात. इतकी वर्षं मी ते प्रेमच समजत होते. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की तो हुकूम आहे.

मग रोज सकाळी मी बर्फ घातलेला जवाचा चहा मोठ्या किटलीत भरून वर न्यायला लागले. त्याला ओगुरा सेन्सेईंना हरकत घेता येईना. पोरी कप पुढे करायच्या. त्यांत मिओरी नावाची दुसरीतली मुलगी होती, माध्यमिकच्या दुसरीतली, म्हणजे चौदाची. अंगाने काटकुळी आणि वाजवायची ट्रोम्बोन, सरकत्या नळीचं ते लांबलचक पितळी वाद्य. नळी पूर्ण बाहेर ढकलायची तर तिला खांदाही पुढे टाकावा लागे. इंग्रजीत ती जेमतेम पास व्हायची, पण माझ्याशी बोलायला कधी लाजायची नाही.

"सेन्सेई, तुम्ही सुट्टीत घरी का नाही जात?"

"विमानाचं तिकीट तू काढून देतेस का?"

"स्पर्धेत सोनं मिळालं तर विकून देते," ती म्हणाली आणि बाकीच्या खिदळल्या.

ओबोनच्या आधीच्या आठवड्यात ती पडली.

मी किटली घेऊन जिना चढत होते. धातूचं काहीतरी फरशीवर आदळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ वाजवणं थांबलं. आत गेले तर मिओरी खुर्च्यांच्या मध्ये आडवी. चेहरा लालबुंद, कातडी तापलेल्या तव्यासारखी, आणि तोंडाने काहीतरी असंबद्ध बडबड चाललेली. निशिवाकी तिच्याजवळ गुडघे टेकून नुसती तिचा हात चोळत होती. मी किटलीतला चहा बर्फासकट मिओरीच्या मानेवर, काखेत ओतला आणि ओरडले, "खिडक्या! सगळ्या उघडा! दोघी तिघी जणी वहीने वारा घाला!"

ओगुरा सेन्सेई धावत आले. शाळेची नर्स रजेवर होती, मुख्याध्यापक शहरात बैठकीला गेले होते. मी मोबाइल काढला.

"थांबा थांबा," ते म्हणाले. "आधी मुख्याध्यापकांना विचारतो."

"विचारा तुम्ही. मी रुग्णवाहिका बोलावते."

"रोवेना सेन्सेई, असा परस्पर निर्णय कुणी घेत नाही. पाच मिनिटं सावलीत झोपवू, पाणी देऊ..."

"तिला स्वतःचं नाव सांगता येत नाहीये!"

फोन लागला. मी पत्ता सांगत होते, आणि हा माणूस माझ्या शेजारी येऊन, एक हात तोंडाशी धरून, कुजबुजला. काय कुजबुजला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"त्यांना म्हणावं, सायरन न वाजवता या."

फोनवरची बाईही विचारत होती, आणखी काही सांगायचंय का म्हणून. मी ओगुरा सेन्सेईंच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "हो. सायरन वाजवत या. जेवढ्या जोरात वाजतो तेवढ्या जोरात."

मिओरीला दोन-तीन दिवस दवाखान्यात ठेवलं, सलाइन लावलं. अजून थोडा उशीर झाला असता तर, एवढं म्हणून डॉक्टरांनी वाक्य तोडलं. ते वाक्य मी शाळेत जसंच्या तसं सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. "वाचली, बरं झालं," म्हणाले, आणि आपापल्या संगणकाकडे वळले. दुसऱ्या दिवशी सराव चालू, खिडक्या बंद. फरक एवढाच झाला की कोपऱ्यात एक पंखा आला. तो गरम हवा इकडची तिकडे करत होता.

नंतर मिओरीची आई शाळेत आली. टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर काम करणारी, नवरा नसलेली बाई. अर्ध्या दिवसाची रजा काढून, चांगले कपडे घालून आली होती. हातात छान कागदात गुंडाळलेला खोका. मला वाटलं आता ही बोलेल. आता कुणीतरी या खोलीत आवाज चढवेल. मी उठून उभीही राहिले.

ती दारातच कमरेत वाकली, ते बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"आमच्या मुलीमुळे तुम्हा सगळ्यांची फार धावपळ झाली. ऐन स्पर्धेच्या वेळी व्यत्यय आला. क्षमा करा."

मी पुन्हा खुर्चीत बसले. ओगुरा सेन्सेई लगबगीने पुढे झाले, खोका दोन्ही हातांनी घेतला.

"छे छे, आमची काही तक्रार नाही. वेळेवर हालचाल झाली म्हणून निभावलं. फक्त एक सुचवतो हं, सकाळी तिला पोटभर खाऊन पाठवत जा. आजकालची मुलं न्याहारी करत नाहीत, आणि मग हे असं होतं."

"हो. माझंच चुकलं," ती म्हणाली.

खोक्यात पीचची जेली होती. कुणीतरी ती वाटली. प्रत्येकाच्या टेबलावर एक एक, सोबत इवलासा प्लास्टिकचा चमचा. आजूबाजूला सगळे "थंडगार आहे हं" म्हणत खायला लागले. मी माझी जेली उचलली, बाहेर आले, कचऱ्याच्या डब्यापाशी उभी राहिले. टाकवेना. त्या बाईने अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून आणली होती. ती तशीच हातात घेऊन मी शाळेच्या फाटकाबाहेर पडले आणि डोकं गरम असतानाच ठरवलं, की हा तक्रार करणारा शेजारी कोण आहे ते आज बघायचंच.

संगीताच्या खोलीसमोर एकच घर आहे. हिराइवा नावाचे म्हातारे तिथे एकटे राहतात. पूर्वी जहाजाच्या गोदीत वेल्डर होते. मी गेले तेव्हा ते टोमॅटोच्या वाफ्यात उकिडवे बसले होते. मी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "हिराइवा-सान, तुम्हाला मुलांच्या वाजवण्याचा एवढा त्रास होतो?"

"कुठल्या वाजवण्याचा?"

"शाळेच्या वाद्यवृंदाचा. तुमची तक्रार आहे ना?"

ते कमरेवर हात ठेवून सावकाश उठले. "वाद्यवृंद आहे का अजून? मला वाटलं बंद पडला. गावात पोरं कमी झाली, म्हटलं तेही गेलं असेल. दोन उन्हाळे झाले, काही ऐकूच येत नाही."

"मग तक्रार कुणी केली?"

"तक्रार..." त्यांनी आठवून बघितलं. "बायको आजारी होती तेव्हा एकदा मी फोन केला होता. क्रीडादिनाच्या आधी तुमच्या लोकांनी भल्या पहाटे भोंगा लावून बघितला होता. ती रात्रभर जागी होती, नुकता डोळा लागला होता. मी म्हटलं, बाबांनो, जरा उशिरा लावा. तेवढंच. वाजवण्याबद्दल मी कशाला बोलीन? ती खिडकीत बसून ऐकायची."

मी त्यांना सगळं सांगितलं. बंद खिडक्या, मिओरी, सायरन, जेली. सांगता सांगता माझा आवाज फाटत गेला. त्यांचा चेहरा आधी कोरा होता, मग मानेपासून वर लाल होत गेला.

"माझ्या नावावर पोरींना भाजताय होय तुम्ही?"

"मी नाही."

"चल," ते म्हणाले. हातसुद्धा धुतले नाहीत.

शिक्षकखोलीत म्हातारे मातीच्या हातांनी उभे राहिले. ओगुरा सेन्सेई चपळाईने उठले आणि वाकले. "हिराइवा-सान, आमच्यामुळे आपल्याला नेहमीच त्रास होतो."

"कसला त्रास? मला काही त्रास नाही. त्या खिडक्या उघडा."

"आपण असं म्हणता हा आपला मोठेपणा."

"मोठेपणा कसला, मी खरं सांगतोय! मला ऐकायचंय!"

"आपल्या चांगुलपणाचा शाळेने फायदा घेणं बरं दिसणार नाही," ओगुरा सेन्सेई हसतमुखाने म्हणाले. "आणि आपली नसली तरी आणखी कुणाची गैरसोय होऊ शकते. आपण काळजी घेतलेली बरी."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर लोखंड जोडलेला माणूस, पण या भिंतीला कुठून हात घालावा ते त्याला कळेना. मग माझाच बांध फुटला.

"कुणाची गैरसोय?" मी ओरडले. त्या खोलीत इतक्या वर्षांत कुणी ओरडलेलं मी ऐकलं नव्हतं. "नाव सांगा! समोर एकच घर आहे आणि तो माणूस तुमच्यासमोर उभा आहे! जो शेजारी नाहीच, त्याच्यासाठी एक पोरगी मरायला टेकली होती! आणि तिच्या आईकडून तुम्ही माफी घेतलीत! मिठाई घेतलीत! न्याहारी म्हणे! लाज नाही वाटली ती जेली गिळताना?"

दोघं-तिघं जण टेबलावरचे रिकामे जेलीचे कप हळूच कागदाखाली सरकवत होते.

"रोवेना सेन्सेई," ओगुरा म्हणाले, "तुम्ही दमला आहात. घरी जाऊन विश्रांती घ्या."

"मी दमलेली नाही. मला राग आलाय. दोन्हींत फरक आहे."

तेव्हा निशिवाकी उठली. खुर्ची मागे गेल्याचा आवाज झाला म्हणून सगळ्यांनी तिकडे पाहिलं. ती रडत होती आणि कुणाकडेही बघत नव्हती. ओगुरा सेन्सेईंनी तिचं नाव घेतलं, एकदा, नेहमीच्याच गोड आवाजात. ती थांबली नाही. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज चढत गेला. मग वर एक खिडकी धाडकन उघडली, मग दुसरी, मग ओळीने सगळ्या. थोड्या वेळाने ट्रम्पेट सुरू झालं, आणि इतकं बेसूर, की हिराइवा-सान खाली मान घालून हसले.

खिडक्या पुन्हा बंद झाल्या नाहीत. ओगुरा सेन्सेईंनी त्या उघड्या खिडक्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. जणू त्या कायमच उघड्या होत्या. स्पर्धेत शाळेला कांस्य मिळालं. त्या बातमीच्या पत्रकात "सर्व शिक्षकांच्या दक्षतेमुळे उन्हाळी सराव सुरळीत पार पडला" असं एक वाक्य होतं.

सप्टेंबरात मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "तुमचा हेतू चांगला होता, ते सगळ्यांना ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण आवाज चढला. खोलीतलं वातावरण निवळावं म्हणून ओगुरा सेन्सेईंची एकदा माफी मागून टाका."

"त्यांनी मिओरीच्या आईची मागितली की त्याच दिवशी मागते," मी म्हणाले.

ती काही कुणी मागितली नाही. एप्रिलपासून माझी बदली डोंगरातल्या एका प्राथमिक शाळेवर झाली. ओगुरा सेन्सेईंनीच निरोप सांगितला. तिकडे उन्हाळा फार छान असतो म्हणाले.

जायच्या आधी एकदा बसथांब्यावर मिओरी भेटली. केस कापले होते, वाद्यवृंद सोडला होता. आई नको म्हणाली, म्हणाली. आम्ही बाकावर बसलो. तिने पिशवीतून भाताचा गोळा काढला, अर्धा मला दिला.

"सेन्सेई, तुम्हाला अजून राग आहे?"

"आहे," मी म्हणाले. "का गं?"

"काही नाही." तिने तोंडातला घास संपवला. "आमच्या घरी कुणी रागवतच नाही. मी आईला म्हटलं, तू एकदा तरी ओरड. तर ती म्हणाली, कुणावर ओरडू? मग मी सांगितलं, रोवेना सेन्सेई ओरडल्या."

"मग?"

"मग ती स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून भांडी घासत होती. बराच वेळ."

तिची बस आली. चढताना तिने पायरीवरूनच हात हलवला. मीही हलवला. माझ्या हाताला भाताची शितं चिकटली होती.